कामगाराच्या तपासणीतून वगळलेला अवयव

पालघर जिल्ह्यातल्या माकुणसार, केळवे, सफाळे, उमरोळी या पट्ट्यातल्या तरुणाला बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागते तेव्हा त्याचे वजन घेतात, रक्तदाब बघतात, छातीचा एक्स-रे काढतात, डोळे आणि कान तपासतात, रक्त-लघवी लॅबमध्ये पाठवतात. कायद्याने धोकादायक ठरवलेल्या प्रक्रियेवर तो काम करत असेल तर ही तपासणी दर वर्षी व्हायला हवी, आणि चांगल्या कारखान्यांत ती होतेही. या तपासणीच्या अर्जात फुप्फुसाला रकाना आहे, यकृताला आहे, कातडीला आहे. पुरुषाच्या प्रजनन संस्थेला मात्र नाही. वीस ते पस्तीस वयाची, नुकतीच लग्ने झालेली हजारो मुले जिथे द्रावके, रंगद्रव्ये, कीटकनाशके, औषधांची भुकटी आणि भट्ट्यांची धग यांत आठ-बारा तास काढतात, तिथे हा रकाना नसणे ही मोठी चूक आहे, आणि ती दुरुस्त करणे अवघड नाही, असे माझे म्हणणे आहे.

ही संस्था कामाच्या जागेवरच्या अपायाला इतक्या चटकन का बळी पडते, हे तिच्या रचनेतच दिसते. मेंदू कवटीत आहे, हृदय आणि फुप्फुसे फासळ्यांच्या पिंजऱ्यात. वृषणे मात्र शरीराबाहेर, कातडीच्या पिशवीत लोंबती ठेवलेली आहेत, कारण शुक्राणू नीट तयार व्हायला शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. थंडीत ही पिशवी आक्रसते, उकाड्यात सैल पडते. त्यासाठी वेगळे स्नायू आहेत. वृषणाकडे रक्त आणणाऱ्या धमनीला परतीच्या शिरांचे जाळे वेढून असते, केळव्याच्या वाडीत पानवेल आधाराच्या झाडाला वेढून असते तसे. त्यामुळे पोटातून येणारे गरम रक्त आपली उष्णता या शिरांतल्या थंड रक्ताला देते आणि निवूनच आत पोहोचते. एवढी तजवीज जिथे दोन-चार अंशांसाठी आहे, तिथे रोलिंग मिलच्या भट्टीसमोर रोज काही तास उभे राहण्याचा परिणाम काय होत असेल हा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

वृषणाच्या आत शेकडो बारीक नलिका घड्या घालून बसवलेल्या असतात. एका वृषणातल्या नलिका उलगडून एकापुढे एक ठेवल्या तर लांबी दोनशे मीटरच्या पुढे जाते. स्त्रीच्या अंडाशयातली बीजे ती जन्माला येते तेव्हाच तयार असतात. पुरुषात मात्र वयात आल्यापासून हे काम रोज नव्याने चालते. नलिकांच्या भिंतीतल्या मूळ पेशी सतत विभागत राहतात, त्यांना पोसणाऱ्या सर्टोली पेशी शेजारी असतात, आणि नलिकांच्या मधल्या जागेत टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ६४ ते ७४ दिवस लागतात. मग तो अधिवृषणात जातो, म्हणजे वृषणाच्या पाठीशी गुंडाळलेल्या, उलगडली तर सुमारे सहा मीटर भरणाऱ्या नळीत, आणि तिथे आठवडा-दोन आठवडे राहून पोहायला शिकतो. सगळे मिळून तीन महिने. सतत विभागणाऱ्या पेशी विषाला आणि उष्णतेला लवकर बळी पडतात. पण मूळ पेशी शाबूत असतील तर विष थांबल्यावर काही महिन्यांत उत्पादन पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून ही संस्था लवकर इशारा देते, आणि तो इशारा ऐकला तर बरेचदा सुधारणेला वाव असतो.

तो इशारा कामगाराला स्वतःला मात्र ऐकू येत नाही. वीर्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो. शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. शिवाय टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या असल्याने नलिकांतले उत्पादन पार थांबले तरी दाढी-मिशा, आवाज, कामेच्छा, संबंध यांत काहीही फरक पडत नाही अशी स्थिती पुष्कळदा असते. एकही शुक्राणू नसलेला पुरुष स्वतःला आणि बायकोला पूर्ण धडधाकट वाटतो. ‘मर्दपणा’ आणि जननक्षमता एकच, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की वर्ष-दोन वर्षे मूल झाले नाही की पहिली सोनोग्राफी बायकोची होते, नवस-उपास तिच्या वाट्याला येतात, सासरचे टोमणेही तिलाच. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा जोडीला असते, हे वैद्यकशास्त्राने कधीच सांगून ठेवले आहे. वीर्यतपासणी ही त्यातली सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी. तरी ती शेवटी होते.

कामाच्या जागेचा आणि वृषणांचा संबंध जगाला पटला तो १९७७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रोप इथल्या एका कीटकनाशक कारखान्यात. तिथे डीबीसीपी नावाचे, जमिनीतल्या सूत्रकृमींना मारणारे रसायन बनत असे. त्या विभागातल्या पुरुषांच्या आपापसांतल्या बोलण्यात आले की आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही. त्यांनी तपासणीचा आग्रह धरला, आणि बऱ्याच जणांच्या वीर्यात शुक्राणू अगदी कमी किंवा शून्य निघाले. जितकी वर्षे काम जास्त, तितकी अवस्था वाईट. ज्यांचे शुक्राणू नुसते घटले होते त्यातले बरेच जण काम बंद झाल्यावर सावरले. जे शून्यावर गेले होते त्यातले अनेक सावरले नाहीत. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. या रसायनाने उंदरांची वृषणे आकसतात हे प्रयोग १९६१ मध्येच छापून आले होते. मधली सोळा वर्षे कोणीही माणसांकडे वळून पाहिले नाही, कारण कामगारांच्या तपासणीत तो रकानाच नव्हता. अमेरिकेत वापरावर बंधने आल्यावरही कोस्टा रिका, होंडुरास, निकाराग्वा इथल्या केळीच्या बागांत ते वापरले गेले, आणि तिथले हजारो मजूर वांझपणाची भरपाई मागत न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिले.

डीबीसीपी हे एकटे उदाहरण नाही. रुमानियातल्या बॅटरी कारखान्यातल्या कामगारांवरचा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला; शिशाचे प्रमाण रक्तात वाढते तसे शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घसरते, असे त्यात दिसले. १९९५ मध्ये दक्षिण कोरियात इलेक्ट्रॉनिक भाग बनवणाऱ्या कारखान्यात २-ब्रोमोप्रोपेन नावाचे द्रावक वापरणाऱ्या तरुण स्त्रियांची पाळी थांबली, म्हणून चौकशी झाली. तेव्हा त्याच विभागातल्या पुरुषांचे शुक्राणूही घटलेले किंवा नाहीसे झालेले आढळले. स्त्रियांची पाळी थांबली नसती तर पुरुषांची बातमी कळली असती का, शंका आहे. इटलीतल्या सिरॅमिकच्या भट्ट्यांवर काम करणाऱ्यांच्या घरी गर्भ राहायला इतरांपेक्षा जास्त काळ लागल्याची नोंद आहे. पोर्तो रिकोत गर्भनिरोधक गोळ्यांच्या कारखान्यात हार्मोनची भुकटी अंगावर घेणाऱ्या पुरुषांच्या छातीची वाढ झाल्याचे सत्तरच्या दशकात नोंदले गेले. रसायने, द्रावके, उष्णता, औषधांची भुकटी: बोईसरच्या कोणत्याही पाळीच्या बसमध्ये या चारही प्रकारच्या कामावरची माणसे शेजारी-शेजारी बसलेली असतात.

तारापूरच्या औद्योगिक क्षेत्रात लहान-मोठे हजाराच्या वर कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले, देशातले सर्वाधिक. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने खाडी आणि समुद्रातल्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली, आणि लवादाने २०२२ मध्ये कारखान्यांकडून भरपाई वसूल करण्याचे आदेश दिले. मच्छीमारांचा हा लढा मोलाचा आहे. त्यामुळे नाल्यातल्या पाण्याचे प्रदूषण चर्चेत आले, मासळीबद्दल प्रश्न विचारले जाऊ लागले. पण सांडपाणी कारखान्याच्या कुंपणाबाहेर येण्याआधी तेच रसायन रिअ‍ॅक्टरचे झाकण उघडणाऱ्या, पिंपातून पावडर ओतणाऱ्या, टाकी धुणाऱ्या माणसाच्या अंगावरून, श्वासातून गेलेले असते. नाल्याला जेवढे लक्ष मिळाले तेवढे त्या माणसाला मिळालेले नाही.

कायद्याची नजर कुठे आहे तेही पाहू. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८७ ने धोकादायक कामांवर स्त्रियांना मनाई किंवा मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला दिला. हेतू गर्भाच्या रक्षणाचा असेल. पण त्यामागचे गृहीत असे की पुढच्या पिढीला धोका फक्त आईच्या शरीरातून पोहोचतो. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत डॉक्टरने कळवायलाच हवेत असे २९ व्यवसायजन्य आजार होते: शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, कातडीचे विकार, आवाजाने येणारा बहिरेपणा. जननक्षमतेची हानी त्यात नव्हती. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या जोडीने चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक कामगाराला वर्षातून एकदा मोफत तपासणी मिळणार आहे. स्वागतच आहे. पण ज्याचे मूल व्हायचे वय पंचवीस ते पस्तीस, त्याला चाळिशीची तपासणी या बाबतीत काही कामाची नाही.

स्त्रियांना दूर ठेवून प्रश्न सुटत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९९१ मध्ये स्पष्ट झाले. जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी कंपनीने मूल होऊ शकेल अशा वयाच्या सगळ्या स्त्रियांना शिशाच्या कामावरून हटवले होते. न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवले. त्या खटल्यातल्या अर्जदारांत एक पुरुषही होता. त्याला बाप व्हायचे होते आणि त्याआधी रक्तातले शिसे कमी व्हावे म्हणून त्याने रजा मागितली होती. ती नाकारली गेली. शिशाने पुरुषांच्या प्रजननावरही घातक परिणाम होतो याचा पुरावा असताना कंपनीला काळजी फक्त स्त्रीच्या शरीराची होती, यावर न्यायालयाने बोट ठेवले. विष कमी करणे हे मालकाचे काम आहे. कोणत्या देहाला दारात अडवायचे हे ठरवून ते काम टळत नाही.

मोजणे शक्य आहे का, याचे उत्तर याच परिसरात आहे. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून चालू आहे. तिथे किरणोत्साराच्या क्षेत्रात जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी हा किरणोत्सार मोजणारा बिल्ला असतो, तो ठरावीक मुदतीने वाचला जातो आणि त्याची मात्रा त्या माणसाच्या नावावर कायमची नोंदली जाते. पाच वर्षांत १०० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट ही अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा. पुरुषाचे शुक्राणू तात्पुरते घटवायला एका वेळी १५० मिलिग्रेच्या (या तुलनेपुरते मिलिसीव्हर्टएवढेच धरता येईल) आसपास मात्रा लागते. म्हणजे मर्यादा पाळली गेली तर त्या केंद्रातल्या नोकरीने वंध्यत्व येण्याचे कारण नाही, आणि परिसरात त्याबद्दल दबक्या आवाजात चालणारी भीती या आकड्यांपुढे टिकत नाही. भीतीला आकड्याने उत्तर देता येते कारण आकडा आहे. तिथून काही किलोमीटरवर द्रावकाच्या वाफेत उभ्या असलेल्या मुलाच्या नावावर असा कोणताच आकडा नाही, म्हणून त्याच्या भीतीला कोणी उत्तर देऊ शकत नाही.

तपासणीत हा रकाना जोडण्याच्या मागणीवर पहिला आक्षेप लाजेचा येईल: कोण देणार नमुना? अडचण खरी आहे, आणि ती लाजेपुरती नाही. वीर्यतपासणीसाठी दोन ते सात दिवसांचा संयम लागतो, नमुना स्वच्छ रुंद तोंडाच्या डबीत घ्यावा लागतो, अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोहोचवावा लागतो. सरावली किंवा खैरापाड्यातल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या पाच-सहा मुलांपैकी एकाला हे कसे जमणार? म्हणून सुरुवात नमुन्याने करूच नये. ज्यांना मूल हवे आहे त्यांना गर्भ राहायला किती महिने लागले, एवढा एक प्रश्न जगभरच्या अभ्यासांत विचारला जातो आणि त्यावरून विभागा-विभागांतला फरक दिसतो. त्यात कुठे गडबड दिसली तर रक्तातले एफएसएच हे संप्रेरक तपासता येते, कारण नलिका काम करीनाशा झाल्या की मेंदूच्या तळाची ग्रंथी ते जास्त सोडू लागते. रक्त तर दर वर्षी घेतलेच जाते. वीर्यतपासणी त्यानंतर, ज्याला हवी त्याला, बंद खोलीची सोय असलेल्या ठिकाणी. आणि मराठी वाचकाने लाजेचे कारण पुढे करावे असे मला वाटत नाही. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ मध्ये सुरू केले, या अवयवांबद्दल सरळ मराठीत लिहिले, खटले सोसले. त्यातला एक १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चालवला. जे त्या काळी छापता आले ते आज कारखान्याच्या दवाखान्यात विचारता येऊ नये?

दुसरा आक्षेप कामगार संघटनांचा असेल, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. तपासणीत दोष निघाला की माणसाला काढतील, गावात बोभाटा होईल, सोयरीक मोडेल. म्हणून निकालाची मालकी कामगाराचीच हवी. मालकाला नावे कळता कामा नयेत. त्याला फक्त विभागाचा एकत्रित आकडा कळावा, आणि तोही विभागात पुरेशी माणसे असतील तेव्हाच. तपासणी ऐच्छिक असावी. दोष आढळला तर काम बदलून देण्याची आणि पगार कायम ठेवण्याची हमी आधी लेखी मिळावी, मग तपासणी. ही अट नसेल तर संघटनांनी या योजनेला नकारच द्यावा.

तंबाखू, दारू, व्हॅरिकोसील म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा, लठ्ठपणा, लहानपणीचे गालगुंड अशी कितीतरी कारणे असताना कारखान्यालाच का धरायचे, असेही विचारले जाईल. धरायचे नाही, तपासायचे आहे. तंबाखू खाणारे पॅकिंग विभागातही असतात आणि रिअ‍ॅक्टरवरही. दोन्हीकडे सारखीच घसरण दिसली तर तंबाखूकडे बोट जाईल, फक्त एकीकडे दिसली तर हवेकडे. तुलनेसाठी माणसे निवडताना मात्र काळजी हवी. माकुणसार-केळव्याच्या वाड्यांतला शेतकरी स्वतः फवारणी करतो, त्यामुळे तो ‘निर्धोक’ गट धरता येणार नाही. उलट त्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा. उद्योजक म्हणतील, कंत्राटी कामगार सहा महिन्यांनी बदलतो, त्याची नोंद कोण ठेवणार? शुक्राणूंचे चक्र तीन महिन्यांचे आहे, त्यामुळे सहा महिन्यांची नोकरीही पुरेशी आहे इजा व्हायला. अणुऊर्जा केंद्रात मात्रेची नोंद माणसाबरोबर जाते, ठेकेदाराबरोबर नाही. इथेही नोंदीचे कार्ड माणसाचे असावे. आणि लोकसंख्या एवढी असताना मूल न होण्याची चिंता कशाला, हा प्रश्न कोणी विचारलाच तर महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवणाऱ्या २.१ च्या बराच खाली आला आहे हे सांगता येईल. पण खरे उत्तर आकड्यात नाही. मूल नको हा निर्णय जोडप्याचा असतो. तो रसायनाने परस्पर घ्यायचा नसतो.

यासाठी नवी संस्था उभारावी लागणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था मुंबईत परळला आहे, आणि तिच्या मार्गदर्शनाखालचे ग्रामीण संशोधन केंद्र याच जिल्ह्यात, डहाणूला. व्यवसायजन्य आरोग्याची राष्ट्रीय संस्था अहमदाबादला, बोईसरहून एका गाडीच्या अंतरावर. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने या दोघींना बोलावून पहिल्या वर्षी चार प्रकारची खाती निवडावीत: कीटकनाशक किंवा रंगद्रव्य, द्रावकांचा मोठा वापर, औषधांची भुकटी आणि भट्टी. प्रत्येक खात्यात हवेतल्या रसायनाचे किंवा उष्णतेचे मोजमाप आणि गर्भ राहायला लागलेल्या महिन्यांचा प्रश्न एकाच आठवड्यात व्हावा. तीन महिन्यांनी पुन्हा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. नावे वगळून निघालेला आकडा मराठीत आणि हिंदीत त्या त्या खात्याच्या फलकावर लागावा, आणि जिथे तो वाईट निघेल तिथे मास्क वाटण्याआधी झाकणे, पाइप आणि एक्झॉस्ट बदलावेत.